अंगठा कोणी धूत नाही

शुक्रवार, २० मार्च

आज दुपारी साडेबाराला, विहाराच्या मागच्या नळापाशी, पौर्णिमानं माझा उजवा अंगठा धरला आणि माझं आयुष्य बदललं. वेळ लिहून ठेवतो. पुढं कोणी विचारलं तर चूक नको व्हायला.

झालं असं. आज चवदार तळ्याचा दिवस. दरवर्षी विहारात पुंजाजी काकांचं भाषण होतं आणि ते संपायच्या आत पोरं मागच्या मागं पसार होतात. यंदा काकांनी चक्क दहा मिनिटांत आटोपलं. म्हणाले, "पान्यासाठी आपले लोक लढले. आता ते पानी हाताले कसं लावाव, हे बेबीताईची पोरगी सांगते."

बेबीताई म्हणजे आमच्या केनवडच्या आशा सेविका. पौर्णिमा त्यांची मुलगी, वाशीमला नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शाळेत माझ्यापुढं एक वर्ष होती. तेव्हा दोन वेण्या होत्या एवढंच आठवतं. आज एक होती.

ती हात धुवायला शिकवणार म्हटल्यावर मी मागं उभा राहून हसलो. मी एकटा नाही, माझा दोस्त धम्मरत्नही हसला, पण तो हसला की आवाज येत नाही.

"ओ, मागचे. तुमी. या पुढं."

गेलो. घाबरतो काय. तिनं माझ्या दोन्ही हातांना तेलात कालवलेली हळद फासली आणि म्हणाली, "धुवा. साबन घ्या. पायजे तेवढा वेळ घ्या." मी धुतले, मस्त फेस काढून. मग सगळ्यांकडे हात असे वर करून दाखवले, निवडून आल्यासारखे.

तिनं माझा अंगठा धरला. उजवा. उलटा केला. अंगठा पिवळा. नखांच्या कडा पिवळ्या. बोटांच्या बेचक्या पिवळ्या.

"अंगठा कोनी धूत नाही," ती लोकांना म्हणाली. "सारे बोटायवरच थांबतात. हे पिवळं राह्यलं न, हेच जंतू समजा. याच अंगठ्यानं हे भाऊ आता जेवतीन, अन् चार जनाले वाढतीन."

अख्खा विहार हसला. मला राग यायला पाहिजे होता. मला तर कोणी "जरा सरक" म्हटलं तरी येतो. पण आला नाही. 'भाऊ' म्हणाली तेवढं खुपलं.

शनिवार, २१ मार्च

अंगठा अजून धुतलेला नाही. पिवळेपणा जाऊ नये म्हणून डाव्या हातानं आंघोळ केली. आई म्हणाली, "कापला काय गा?" वरणात पौर्णिमाच्या हातची हळद मिसळली जाऊ नये म्हणून चमच्यानं जेवलो. बाबा पेपर खाली करून बराच वेळ माझ्याकडे पाहत होते.

मंगळवार, २४ मार्च

अंगठा शेवटी आपोआप साफ झाला. दुःख झालं.

आज वाशीमला गेलो. काम होतं. (काम: तिच्या कॉलेजसमोर बसणे.) समोरच रतनसिंगभाऊची रसवंती आहे. बाक असा पडलेला की कॉलेजचं फाटक आणि वरच्या मजल्याची खिडकी, दोन्ही दिसतात. नुसतं बसू कसं देतील, म्हणून रस घेतला. एक ते दोन तिची सुट्टी असते, तेवढ्यात तीन ग्लास झाले. भाऊ बर्फ पोत्यातून काढून जमिनीवरच फोडतो, ग्लास सकाळच्याच बादलीत बुचकळतो. पण रस गोड आहे. माश्यांनाही आवडतो.

ती मैत्रिणींबरोबर आली, गेली. माझ्याकडे पाहिलं नाही.

गुरुवार, २ एप्रिल

लिहायला वेळ नाही, रोज वाशीम. आता रतनसिंगभाऊ मला पाहिलं की न विचारता चरकात ऊस घालतो.

आज ती खिडकीत आली. मला पाहिलं. आणि हात हलवला. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, चार वेळा, जोरात. मी ग्लास उंच करून दाखवला आणि तिच्यासमोर एका घोटात रिकामा केला. तिनं कपाळाला हात लावला. लाजली.

येताना एसटीत कंडक्टरशी भांडण झालं. तो म्हणाला, "रोज रोज कायले जातं गा वाशीमले? कालेजात हायस काय?" मी म्हटलं, "तुमाले काय करायचं?" त्यावरून वाढलं.

कॉलेजचं कोणी काढलं की डोकं फिरतं. मी कॉलेज सोडलं, कॉलेजनं मला नाही, हे लोकांना समजत नाही. दुसऱ्या वर्षाला केमिस्ट्रीच्या सरांनी सगळ्यांसमोर माझी जर्नल फेकली. मी ती परत फेकली. फरक एवढाच की माझा नेम चांगला निघाला. माफी मागितली असती तर परीक्षेला बसू देत होते. नाही मागितली. बाबा महिनाभर बोलले नाहीत. तेही मी समजू शकतो. अंगठ्याएवढी चूक माझीही असेल, पण ती कुठं लिहू नये.

रविवार, १२ एप्रिल

आज विहारात बैठक झाली. बुद्धजयंतीला किन्हीराजाच्या पुढच्या माळावर मेळावा असतो, तीन-चार हजार माणूस जमतं. खीरदान आमच्या केनवडकडे, आजोबांच्या काळापासून. आमच्या गावाची एक पद्धत आहे. रांगेत जी पोटुशी बाई असेल तिला खिरीचा पहिला डाव द्यायचा आणि तो गावातल्या तरुणानं वाढायचा. मागच्या वर्षी धम्मरत्न होता.

यंदा पोटुशी बाई ठरलेलीच आहे. माझी सपनाताई. इंझोरीला दिलीय, सहावा महिना चालू आहे. बाबांनी तिथंच फोन लावून विचारलं. ताई ओरडली, ती सगळ्यांना ऐकू आली, "मी दीपूच्याच हातची खाईन, सांगून ठेवते!" दीपू म्हणजे मी. संघदीप म्हणत नाही ती, कितीही सांगितलं तरी.

मग आरोग्याचं ठरलं, आणि ते पौर्णिमाकडे आलं! यंदा तिचे नियम:

"खीर रातीची नाही चालनार. उन्हाळा हाय, दूध नासते. पहाटे शिजवाची अन् झाकून ठेवाची. टाकीत औषध टाकल्याबिगर पानी वाटाचं नाही. पेल्यानं पेला बुचकळाचा नाही, ओगराळ्यानं वाढाचं. वाढनाऱ्याची नखं मी पाहीन. कोनाले ताप, खोकला, हगवन असन, त्यानं सोता सांगाचं अन् बाजूले व्हाचं. लाजाचं नाही."

पुंजाजी काका म्हणाले, "एवढं तर लग्नातबी नसते बाई."

"म्हनूनच लग्नानंतर आमच्या दवाखान्यात रांग असते, काका."

वाढणाऱ्याच्या शेजारी द्रोण धरायला कोण, तर ती. म्हणजे चार तास. खांद्याला खांदा! धम्मरत्न तोंड उघडणार एवढ्यात मी उभा राहून ओरडलो, "मी वाढतो! कोनाले काही म्हनायचं असन तं बाहेर या!" कोणालाच काही म्हणायचं नव्हतं.

"हात दाखवा," ती म्हणाली.

दाखवले. सध्या माझ्याइतके स्वच्छ हात वाशीम जिल्ह्यात नसतील. अंगठा तर मी दिवसातून आठदा धुतो. तिनं उलटसुलट पाहिले आणि वहीत माझं नाव लिहिलं. पूर्ण नाव. कोणी सांगितलं नव्हतं, तिला येत होतं.

मंगळवार, १४ एप्रिल

जयंती. पाण्याच्या टाकीवर माझी ड्यूटी होती. एकानं सरळ ग्लास टाकीत बुचकळला, तोही बोटांसकट. मी म्हटलं, ओगराळं दिसत नाही काय. तो म्हणाला, तू कोन. मग मी कोण ते सांगितलं. दोघांनी मला धरलं, तिघांनी त्याला.

पौर्णिमा आली. टाकी रिकामी करायला लावली, घासायला लावली, परत भरली. सगळं झाल्यावर मला म्हणाली, "राग बरोबर जागी हाय तुमचा. पन भांडून झाल्यावर हात धुवा. त्याची कॉलर धरली होती न?"

मिरवणूक रात्रीपर्यंत चालली, पण मला एवढंच आठवतं.

सोमवार, २० एप्रिल

प्रेमात भूक मरते असं ऐकलं होतं. खरं निघालं.

आईनं आज वांग्याची भाजी केली. फोडणीचा वास आला आणि मी उठून मागच्या अंगणात गेलो. काही पडलं नाही, नुसतं उमळून येत होतं. पोटात उजव्या बाजूला जड जड वाटतं. हृदय डावीकडे असतं हे मला माहीत आहे, पण एवढं प्रेम असल्यावर पसरत असेल.

गुरुवार, २३ एप्रिल

तंबाखूचा खर्रा सुटला! तीन वर्षं आईनं शपथा घातल्या, बाबांनी पुड्या जाळल्या, सुटला नाही. परवा तोंडात टाकला आणि नकोसाच झाला, थुंकून दिला. वास सहन होत नाही. पौर्णिमानं एक शब्द न बोलता माझं व्यसन सोडवलं. असं प्रेम असतं.

अंगात मात्र जीव नाही. संध्याकाळी कणकण असते. काल रसवंतीच्या बाकावर बसल्या बसल्या झोप लागली. रतनसिंगभाऊनं उठवलं, म्हणाला, "भिया, शरम मत करो, घर जाके लेटो." मी एक ग्लास पिऊन निघालो. तेवढाच पोटात राहतो.

रविवार, २६ एप्रिल



वाढणाऱ्यांची तपासणी होती. नखं पाहून झाली. माझ्या हातांकडे तिनं पाहिलंही नाही. ती माझ्या डोळ्यांकडे पाहत होती.

"उजेडात ये."

ये! 'या' नाही. मी उजेडात गेलो.

"वर पाय."

वर पाहिलं. तिनं बोटानं माझी खालची पापणी ओढली. चेहरा इतका जवळ की तिच्या श्वासाला बडीशेपेचा वास आला. एरवी मला सध्या सगळ्या वासांनी ढवळतं, त्यानं नाही ढवळलं.

"खाली पाय. आता माह्याकडे पाय."

इतका वेळ माझ्या डोळ्यांत कोणी पाहिलं नव्हतं. आईनंही नाही. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण काळजी होती. काळजी कोणाची करतो माणूस?

"जेवतं काय बरोबर? झोप? त्या रसवंतीवर अजून जातं काय रोज?"

म्हणजे तिला माहीत होतं! रोज पाहत होती! मी मान हलवली. तिनं माझा नंबर घेतला. स्वतः मागितला. धम्मरत्न शेजारीच होता, साक्षीदार आहे.

संध्याकाळ, ८.२०. तिचा पहिला मेसेज आला. जसाच्या तसा उतरवतो, कारण शाई पुसता येत नाही आणि हा मेसेज मी आत्ताच रागानं पुसणार आहे:

'उद्या सकाळी लघवीचा रंग कसा आहे ते पाहून कळव. तातडीचं आहे.'

सोमवार, २७ एप्रिल

उत्तर दिलं नाही. देणारही नाही. माणसाला काही इज्जत असते.

धम्मरत्न आला. म्हणाला, "तुले कावीळ झाली लेका. आरशात पाय."

"तिनं सांगतलं तुले?"

"मले डोये हायत न गा."

मी त्याला म्हटलं, तुले डाव पायजे माह्या हातचा, म्हणून हे सगळं. तू अन् ती मिळालेले आहात. तो म्हणाला, "मागच्या साली चार तास वाढून माह्या हाताले फोड आले होते. तूच ठेव तो डाव," आणि गेला. जाताना अंगणातली माझी पाण्याची बाटली उचलून वेगळी ठेवून गेला. कशाला, माहीत नाही.

आरशात पाहिलं. बल्ब पिवळा आहे आमचा. मग आईचा आरसा घेऊन उन्हात गेलो. उन्हात सगळंच पिवळं दिसतं.

लघवी पाहिली नाही. म्हणजे, पाहिली. लिहीत नाही.

मंगळवार, २८ एप्रिल

उतरली!

पलीकडच्या खेड्यात एक म्हातारा आहे, तो कावीळ उतरवतो. लांबून लोक येतात. घरी सांगितलं नाही. बाबांना बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत, कळलं असतं तर कावीळ राहिली बाजूला, मीच उतरलो असतो घरातून. निघताना भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं नाही.

म्हाताऱ्यानं माझ्या तळहातावर कसलीशी पूड चोळली, तोंडात पुटपुटला आणि चुन्याचं पाणी ओतत गेला. खाली परातीत पाणी पिवळं! धो धो पिवळं! माझ्या डोळ्यांदेखत. तो म्हणाला, "पाय, समदी निंगाली." तीन दिवस तेल नको, तिखट नको, एवढंच. लगेच हलकं वाटलं. येताना चढावर दोनदा बसावं लागलं, पण ते उन्हामुळं.

ताईचा फोन आला होता. बाळ लाथा मारतं म्हणे. "खिरीत चारोळी जास्त टाकजो, दीपू."

बुधवार, २९ एप्रिल

आज जे झालं ते नीट लिहून काढतो, डोकं शांत झाल्यावर समजेल.

पौर्णिमा रजा घेऊन आलेली. मी स्वतःच तिच्या घरी गेलो. उंबऱ्यातूनच म्हटलं, "उतरली माही कावीळ. पानी पिवळं निंगालं, सोता पाह्यलं."

बेबीताई आतून म्हणाल्या, "कोनत्या म्हाताऱ्याकडे गेला होतास गा? चुन्यावाल्या?"

पौर्णिमा हसली नाही. आत गेली, चुन्याची डबी आणली, आंब्याच्या सालीची पूड आणली. बेबीताईंकडे होतीच. गावोगावी हे दाखवत फिरतात त्या. तिनं ती पूड स्वतःच्या तळहातावर चोळली आणि मला म्हणाली, "ओत पानी."

मी चुन्याचं पाणी ओतलं. तिचे हात. गोरे नाहीत, सावळे आहेत, तळवे गुलाबी. त्यांच्याखालून पाणी पिवळं निघालं. माझ्यापेक्षा जास्त पिवळं.

"मले बी झाली काय कावीळ? मायले बी लावू?" तिनं विचारलं. बेबीताईंनी हात पुढं केले. त्यांचंही पिवळं.



"कावीळ हाताले नसते," पौर्णिमा म्हणाली. "पोटात असते, लिव्हरले. होस्टेलच्या दोन पोरी त्याच रसवंतीच्या बर्फानं आजारी पडल्या. म्हनून तर खिडकीतून हात हलवून सांगतलं तुले चारदा, पिऊ नको, पिऊ नको. तू काय केलं? ग्लास दाखवला अन् पेऊन टाकला."

असं होतं तर ते.

(इथं दहा मिनिटं पेन खाली ठेवला होता.)

मग ती म्हणाली, "जंतू पोटातून हातावर येते. हातावरून डावावर, डावावरून खिरीत, खिरीतून तीन हजार द्रोनात. तू कितीबी अंगठा धू, आता नाही चालत. दोन-तीन हप्ते तरी नाही. अन् पयला द्रोन कोनाचा हाय?"

मला राग आला. कोणावर ते कळेना, म्हणून तिच्यावर काढला. म्हटलं, "म्हनजे तुले मी नकोच होतो त्या टेबलावर! सरळ सांग न!"

"मले नको असता तं नाव कायले लिहिलं असतं?" तिनंही आवाज चढवला. "उद्या दवाखान्यात ये, रक्त दे. अन् काकाले तू सोता सांग. मी सांगतलं तं तू सगळ्यायसंगं भांडशीन, मेळाव्यात तमाशा करशीन. पयला डाव पडाच्या आंधी तुह्या तोंडून आलं पायजे. नाही आलं तं मी माईकवर सांगीन. नाव घेऊन."

मी दार आपटून निघालो. मागून बेबीताईंचा आवाज आला, "सरबत तरी पेऊन जा गा, घरचं हाय!"

गुरुवार, ३० एप्रिल

सकाळी रक्त दिलं. कोणासाठी नाही. सुई लागत नाही मला, हे दाखवायला.

संध्याकाळी ट्रकमधून निघालो. तांदूळ, साखर, डेगा, जळतण, आणि वर आम्ही. मी जळतणावर बसलो. आल्यापासून फक्त लाकडांनाच हात लावलाय. काकांना सांगायला दोनदा तोंड उघडलं. एकदा ते गाणं म्हणत होते, एकदा ट्रकनं खड्डा घेतला. घरी बाबांनाही सांगितलं नाही. ते उद्या पहाटेच्या गाडीनं येतायत, नवा सदरा घालून, पोराच्या हातचा पहिला डाव पाहायला. कॉलेज सोडल्यापासून त्यांना माझं काही पाहायला मिळालेलं नाही.

धम्मरत्ननं माझं सामान उचललं. मी म्हटलं, "मी धडधाकट हावो." तो म्हणाला, "दिसून राह्यलं." ट्रकमध्ये सगळे एकाच बाटलीनं पाणी पीत होते. माझी बाटली त्यानं वेगळी आणली होती, तिला लाल दोरा बांधलेला. आता समजलं कशाला.

मेळाव्याच्या माळावरच्या शाळेच्या एका खोलीत खिरीचं सामान आहे. पोरं बाहेर, मांडवात झोपलीत.

शुक्रवार, १ मे, पहाटे पावणेसहा

खीर झाली. चार डेगा. आत्ताच आणून या खोलीत ठेवल्या, वर परात आणि धुतलेलं पांढरं कापड. सगळे आंघोळीला गेलेत. काका म्हणाले, "संघदीप, तू राखन कर, माश्या येऊ देऊ नको." म्हणून मी दाराशी स्टुलावर बसून लिहितोय. डाव समोर आहे, नवा कोरा, लांब दांड्याचा. हात लावलेला नाही.

थोड्या वेळापूर्वी मोरीत गेलो होतो. या वेळी नीट पाहिलं.

खिडकीतून माळ दिसतो. रांग लागायला लागलीय. लोक इतक्या लवकर येतात हे माहीत नव्हतं. म्हातारे, लेकुरवाळ्या, पांढरी लुगडी, पांढरे सदरे. नळांवर पौर्णिमानं साबणाच्या वड्या दोरीला बांधून टांगल्यात, चोरी होऊ नये म्हणून. लोक हसतात आणि धुतात. एक आजोबा अंगठा धुतायत. वेगळा. फिरवून फिरवून. कोणी शिकवलं ते सांगायला नको.

आणि रांगेत सगळ्यात पुढं सपनाताई आहे. पहाटेच आली असणार, इंझोरीहून, एवढ्या लांब. खुर्ची दिलीय कोणीतरी तिला. एक हात पोटावर, दुसऱ्यानं पदरानं वारा घेतेय. पांढऱ्या साडीत आईसारखी दिसते. तिच्या मागं बाबा उभे आहेत. नवा सदरा. घडीच्या रेघा अजून तशाच. ते कोणाला तरी काही सांगतायत आणि हात असा वरून खाली आणून दाखवतायत. डाव कसा टाकायचा, ते.

मी त्या सरांची माफी मागितली नाही, तेव्हा मला वाटलं होतं की मान खाली घातली की माणूस छोटा होतो.

फोन काढला. रविवारचा तो मेसेज मी पुसला नव्हता. पुसतो असं लिहिलं होतं, पण पुसला नव्हता. तिनं स्वतःहून पाठवलेला तेवढा एकच आहे. त्यालाच उत्तर लिहिलं. पाच दिवस उशिरा.

'चहासारखा. बिनदुधाच्या. काल परवापासून नाही, आठ दिवसांपासून. काकांना आत्ता बाहेर जाऊन सांगतो. बाबांना आणि ताईलाही मीच सांगतो. पहिला डाव धम्मरत्नला दे, त्याच्या हाताला फोड येतात, फडकं बांध. ताईच्या द्रोणात चारोळी जास्त.'

पाठवलं. मला वाटलं होतं की पाठवल्यावर रडायला येईल. भूक लागली. दहा दिवसांत पहिल्यांदा. खिरीचा वास येतोय आणि ढवळत नाही, ही काय थट्टा आहे.

उत्तर लगेच आलं. म्हणजे ती फोन हातात घेऊनच होती.

'शाबास. कशाला हात न लावता बाहेर ये. दार मात्र लाव, माश्या जातील. मी नळापाशी आहे, बाइक आहे, दवाखान्यात सोडते. नंतर महिनाभर उकळलेलं पाणी, घरचं जेवण, अन् कॉलेजचा फॉर्म निघाला आहे तो भर. मी विचारणार आहे.'

महिनाभर विचारणार आहे. हे दोनदा वाचलं. पहिल्यांदा फॉर्मचा राग आला, दुसऱ्यांदा नाही आला.

बाहेर काकांचा खोकला ऐकू येतोय, आले आंघोळीहून. धम्मरत्नही असेल मागं. आता उठायला पाहिजे. कशाला हात लावायचा नाही आणि दार लावायचं, हे कसं करायचं याचा विचार केला. जमतं.

वही बगलेत. निघालो. दार बाहेरून कोपरानं लोटलं, नीट बसेपर्यंत.